जुळ्यांचे शेवटचे आठवडे : ‘नऊ महिने नऊ दिवस’ विसरून करायची तयारी

आपल्याकडे गर्भारपणाचा हिशेब ‘नऊ महिने नऊ दिवस’ असा सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि घरातील तयारीही त्याच हिशेबाने चालते. सातव्यात ओटीभरण, आठव्यात माहेरी जाणे, नवव्यात झबली-दुपटी धुऊन ठेवणे. पोटात जुळी असतील तर हा हिशेब जवळजवळ महिनाभराने चुकतो. जुळ्यांच्या निम्म्याहून अधिक गरोदरपणांत प्रसूती ३७ आठवडे पुरे होण्याआधीच होते, आणि सगळे सुरळीत असले तरी डॉक्टर ३८व्या आठवड्याच्या पुढे सहसा थांबत नाहीत. म्हणून एका बाळाच्या वेळी जे ३६व्या आठवड्यात केले तरी चालते, ते जुळ्यांच्या वेळी ३२व्या आठवड्यापर्यंत उरकलेले असावे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास ३२ आठवडे म्हणजे जेमतेम सव्वासात महिने आणि ३७ आठवडे म्हणजे साडेआठ महिने. घरातील कॅलेंडरवर महिने न लिहिता आठवडे लिहावेत. दवाखान्यातील प्रत्येक निर्णय आठवड्यांवरच ठरतो.

वार एक आहे की दोन, हे आधी कागदावर पाहावे

जुळी म्हटले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सारखी दिसणारी आहेत का?’ डॉक्टरांच्या दृष्टीने तो प्रश्न दुय्यम आहे. त्यांना हवे असते ते एवढेच, की दोन्ही बाळांना स्वतंत्र वार, म्हणजे नाळेवाटे बाळाचे पोषण करणारा प्लॅसेंटा, आहे की एकच वार दोघे वाटून घेत आहेत. याचे सर्वांत खात्रीचे उत्तर ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत मिळते. त्या अहवालात डीसीडीए, एमसीडीए किंवा एमसीएमए यांपैकी एक संज्ञा लिहिलेली असते. डीसीडीए म्हणजे दोन वारा आणि दोन पाणमोटी (बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या), एमसीडीए म्हणजे एक वार पण पाणमोटी दोन, आणि एमसीएमए म्हणजे वारही एक व पाणमोटही एकच. पुढे दोन वेगळ्या वारा एकमेकींना खेटून एकच असल्यासारख्या दिसू लागतात, त्यामुळे सातव्या महिन्यात नव्याने सोनोग्राफी करून हे ठामपणे सांगणे अवघड होऊन बसते. तो पहिला अहवाल जपून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे. बाळे मुलगे आहेत की मुली, यावरून अंदाज बांधण्याचा मार्ग आपल्याकडे नाही आणि नसावाही. गर्भलिंग विचारणे आणि सांगणे हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जुळी आहेत म्हणून त्यात सूट मिळत नाही.

प्रसूतीची वेळ याच एका संज्ञेवर ठरते. दोन वारा असतील आणि कोणतीही गुंतागुंत नसेल, तर प्रसूती साधारणपणे ३७ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान ठरवतात. वार एकच असेल तर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एकाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा बाळांना बहुतेक डॉक्टर ३६व्या आठवड्याच्या सुमारास बाहेर काढणे पसंत करतात. पाणमोटही एकच असेल तर दोन नाळा एकमेकींत गुंतू शकतात. अशा गर्भवतीला आधीच दाखल करून घेऊन ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान सिझेरियन करण्याची पद्धत आहे. तेव्हा ‘तारीख कोणती दिली?’ असे कोणी विचारले तर चाळिसाव्या आठवड्याची तारीख सांगू नये. आपल्या प्रकारानुसार जो आठवडा येतो तोच सांगावा, म्हणजे मदतीला येणारी माणसे त्या बेताने रजा काढतात.

येथे मुहूर्ताविषयी थोडे लिहिणे भाग आहे. सिझेरियन ठरले की पंचांग उघडले जाते, आणि डॉक्टरांनी दिलेल्या चार-पाच दिवसांच्या अवधीतला एखादा दिवस-तास घरच्यांनी निवडला तर त्यात बिघडत काही नाही. पण चांगला मुहूर्त आठवडाभर अलीकडे आहे म्हणून दोन वारा असलेली, नीट वाढणारी बाळे ३७व्याऐवजी ३६व्या आठवड्यात काढून घेणे हा निव्वळ तोटा आहे. या वयात एका आठवड्याने श्वास घेण्याच्या आणि दूध ओढण्याच्या ताकदीत फरक पडतो.

वाढीचा अहवाल स्वतः वाचायला शिकावे

दोन वारा असल्यास साधारण दर चार आठवड्यांनी आणि एकच वार असल्यास दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी केली जाते. अहवालात बाळांना ‘ए’ आणि ‘बी’ किंवा ‘१’ आणि ‘२’ असे म्हटलेले असते. गर्भाशयाच्या तोंडाशी जे जवळ असते ते सामान्यतः पहिले. प्रत्येकाच्या नावापुढे अंदाजे वजन, पाण्याचे प्रमाण आणि नाळेतील रक्तप्रवाहाची नोंद असते. वजन वाचताना प्रत्येकाचे वेगळे पाहून थांबू नये, दोघांतील तफावत काढावी. समजा, ३२व्या आठवड्यात पहिल्याचे वजन २१०० ग्रॅम आणि दुसऱ्याचे १६८० ग्रॅम आहे. फरक झाला ४२० ग्रॅम, आणि त्याला मोठ्या बाळाच्या वजनाने, म्हणजे २१०० ने भागले की उत्तर येते २० टक्के. तफावत वीस टक्क्यांच्या आसपास पोचली की डॉक्टर तपासण्या कमी अंतराने घेऊ लागतात आणि पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली तर बहुधा मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांचे मत मागवतात. सोनोग्राफीतील वजन हा अंदाज असतो, त्यात शे-दोनशे ग्रॅमची चूक सहज होऊ शकते. त्यामुळे एका अहवालातील एका आकड्याने रात्रीची झोप घालवू नये. दोन-तीन अहवाल शेजारी ठेवून तफावत वाढत आहे का, एवढेच पाहावे.

एकच वार असलेल्यांनी आणखी एक खूण लक्षात ठेवावी. पोट दोन-चार दिवसांत एकाएकी फुगले, ताणले गेले, धाप लागू लागली, तर एका बाळाभोवती पाणी झपाट्याने वाढत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या ठरलेल्या सोनोग्राफीची वाट पाहू नये.

३२व्या आठवड्यापर्यंत रुग्णालय पक्के करावे

माहेरी बाळंतपण करायचे असेल तर ओटीभरणानंतर लगेच, २८ ते ३० आठवड्यांच्या दरम्यान जावे आणि गेल्याच्या आठवड्यातच तेथील रुग्णालयात नाव नोंदवावे. आठव्या महिन्यात एसटीने किंवा रात्रीच्या खासगी बसने दोनशे-तीनशे किलोमीटर प्रवास करणे टाळावे. प्रवासाने कळा सुरू होतात असे नाही, परंतु कळा सुरू झाल्याच तर त्या घाटात सुरू होऊ नयेत.

रुग्णालय निवडताना खोली किती प्रशस्त आहे, हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावे, की नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का आणि ऐन वेळी दोन बाळांना एकदम जागा मिळेल का. भूलतज्ज्ञ रात्री दोन वाजता किती मिनिटांत येतात, रक्तपेढी किती दूर आहे आणि जन्माच्या वेळी दोन बाळांसाठी दोन स्वतंत्र माणसे हजर असतील का, हेही विचारावे. ही उत्तरे समाधानकारक नसतील तर आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या डॉक्टरांनाच सांगावे, की प्रसूतीसाठी मोठ्या ठिकाणी पाठवा. बहुतेक चांगले डॉक्टर ते मोकळेपणाने मान्य करतात. बाळे पोटात असताना आईला हलवणे हे जन्मलेल्या दीड किलोच्या बाळाला रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित असते.

खासगी रुग्णालयात दोन बाळे अतिदक्षता विभागात राहिल्यास खर्च दुप्पट होतो. तेव्हा विमा असल्यास नवजात बाळांचा खर्च पहिल्या दिवसापासून मिळतो का आणि दोघांसाठी वेगळी मर्यादा आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. सरकारी रुग्णालयात २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, आईचे जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे, आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही. जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात काळजी कक्षात १८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळे दाखल करून घेतात. जुळ्यांची ही गरज पुष्कळदा पडते, म्हणून आपल्या जिल्ह्यातील हा कक्ष कोठे आहे ते आधीच पाहून यावे. गाडीसाठी १०८ आणि १०२ हे क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत. त्याशिवाय रात्री उठवता येईल अशा एका शेजाऱ्याशी आणि त्याच्या गाडीशी आधीच बोलणे झालेले असावे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही हे सगळे केले होते, एक गोष्ट सोडून. पस्तिसाव्या आठवड्यात मध्यरात्री तिची पाणमोट फुटली, तेव्हा फाइल कपाटात होती, कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला होती आणि सासूबाई लग्नाला नाशिकला गेल्या होत्या. रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘वार एक की दोन?’ आणि आम्हा चौघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. त्या रात्री सगळे नीट पार पडले, परंतु तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, की पहिल्या सोनोग्राफीचा, रक्तगटाचा आणि शेवटच्या अहवालाचा फोटो काढून तो किमान तीन जणांच्या फोनमध्ये ठेवावा.

पिशवी भरताना

फाइलीत माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, साखर व रक्तगटाचे अहवाल, चालू औषधांची यादी, आधार कार्ड आणि विम्याची कागदपत्रे असावीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीच्या इंजेक्शनची नोंद वरच ठेवावी. जुळ्यांत गर्भाशय फार ताणलेले असते, त्यामुळे प्रसूतीनंतर ते आकसायला वेळ लागून रक्तस्राव जास्त होऊ शकतो. म्हणून आपल्या गटाचे रक्त देऊ शकतील अशा दोन-तीन नातेवाइकांची नावे व फोन क्रमांकही त्याच फाइलीत असू द्यावेत. बाळांसाठी मऊ सुती झबली, टोपडी, पायमोजे आणि भरपूर लंगोट लागतात. मात्र सगळे कपडे सर्वांत लहान मापाचे घ्यावेत, कारण दोन किलोच्या बाळाच्या अंगावर तीन किलोच्या बाळाचे झबले पांघरुणासारखे लोंबते. दोन वेगळ्या रंगांची दुपटी घेतली तर पहिल्या काही रात्री फार सोय होते.

शरीर : काय सोसायचे आणि काय नाही

शेवटच्या आठवड्यांत पोटाचे ओझे इतके वाढते, की चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, जेवण दोन घासांत अडते आणि छातीत जळजळ होते. थोडे-थोडे, दिवसातून सहा-सात वेळा खावे. डाळ, उसळ, अंडी, दूध, दही, पनीर, खात असल्यास मासे यांतून प्रथिने मिळवावीत. नाचणीची आंबील, खारीक, शेंगदाणे हे पदार्थ पोटाला जड न होता ताकद देतात. शेवटच्या महिन्यात वाटी-वाटी तूप प्यायल्याने बाळ सहज निसटते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. त्याने जळजळ वाढते, बाकी काही होत नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, तिच्या आगेमागे तासभर चहा पिऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. हिमोग्लोबिन ३०व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासून घ्यावे. ते कमी असेल तर शिरेतून लोहाचे इंजेक्शन देता येते, पण त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. हे काम ३५व्या आठवड्यावर टाकून उपयोग होत नाही.

‘जुळी आहेत, आता पूर्ण बेडरेस्ट,’ असे आजही सर्रास सांगितले जाते. सरसकट सगळ्या जुळ्या गर्भवतींनी अंथरुणाला खिळून राहिल्याने अकाली प्रसूती टळते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि स्नायू अशक्त होतात. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी विश्रांती सांगितली असेल तर ती पाळावी. एरवी घरात हिंडते-फिरते राहावे, दुपारी दोन तास आडवे व्हावे, जड उचलू नये आणि उभ्याने होणारी कामे दुसऱ्याकडे द्यावीत. झोपताना कुशीवर झोपावे. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, चक्कर येते आणि वारेकडे जाणारे रक्त कमी होते. पोटाखाली एक आणि गुडघ्यांमध्ये एक अशा दोन उशा घेतल्या की कुशीवर झोपणे सुसह्य होते. नोकरी करणाऱ्यांनी रजेचा हिशेबही याच बेताने करावा. कायद्यातील २६ आठवड्यांच्या पगारी रजेपैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीआधी घेता येते, आणि जुळ्यांत ३२व्या आठवड्यानंतर रोजचा लोकल किंवा दुचाकीचा प्रवास न करणेच बरे.

जुळ्यांत रक्तदाब वाढण्याचे प्रमाण एका बाळापेक्षा दुप्पट-तिप्पट असते, आणि तो वाढतो तेव्हा पुष्कळदा काहीच जाणवत नाही. ३० आठवड्यांनंतर घरी साधे डिजिटल यंत्र ठेवून आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे शांत बसून, रक्तदाब मोजावा आणि वहीत लिहावा. आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. १६०/११० आला तर थेट रुग्णालय गाठावे. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज, यांपैकी काहीही असेल तर यंत्राचा आकडा काय येतो याची वाट पाहू नये. पायांवरची संध्याकाळची सूज बहुतेकींना असते, तिची काळजी नाही. पण एकाच पोटरीत दुखून ती लाल, गरम झाली तर ते गुठळीचे लक्षण असू शकते. तळहात आणि तळपाय रात्री विलक्षण खाजत असतील आणि अंगावर पुरळ मात्र नसेल, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नये. ती यकृताच्या विकाराची खूण असू शकते, जुळ्यांत तो अधिक आढळतो आणि साध्या रक्त तपासणीत कळतो.

दोघांची हालचाल

कोणती लाथ कोणाची, हे आईला दरवेळी सांगता येईलच असे नाही, आणि तसे सांगण्याचा आग्रहही धरू नये. पण दिवसाच्या कोणत्या वेळी पोटात किती गडबड असते, उजवीकडे वर कोण असते आणि डावीकडे खाली कोण, याचा एक रोजचा नेम प्रत्येक आईला कळतो. तो नेम मोडला की दखल घ्यावी. शेवटी बाळांची जागा कमी होते म्हणून हालचाल कमी होते, हे म्हणणे चुकीचे आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी सरकणे-वळणे जाणवते, पण हालचाल थांबत नाही. एका बाजूची हालचाल नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी वाटली तर काही खाऊन, कुशीवर पडून लक्ष द्यावे, आणि तरीही शंका राहिली तर रात्र असली तरी जावे. तेथे पोटावर दोन पट्टे बांधून दोघांच्या हृदयाचे ठोके नोंदवतात. पडद्यावर दोन आकडे दिसतात, समजा १३८ आणि १४६. दोन्ही आकडे अगदी एकसारखेच सरकू लागले तर दोन्ही पट्टे एकाच बाळाचे ठोके ऐकत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सिस्टर एका पट्ट्याखालची चकती बोटभर सरकवून दुसऱ्याला शोधते, आणि त्यात दहा मिनिटे गेली तरी घाबरून जाऊ नये.

वेळेआधी कळा आल्यास

पोट अधूनमधून टणक होणे या काळात नेहमीचेच आहे. पाणी पिऊन, लघवीला जाऊन, कुशीवर पडून ते ओसरते. तासाभरात चार किंवा अधिक वेळा पोट दगडासारखे झाले, कंबरेतून पुढे कळ येऊ लागली, ओटीपोटात खाली दाब जाणवला, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, तर ३७ आठवडे व्हायचे असोत वा नसोत, लगेच निघावे. पाणमोट फुटल्यावर कळा नसल्या तरी घरी थांबू नये. पाण्याचा रंग हिरवट आहे का ते पाहून सांगावे. क्वचित, विशेषतः पहिले बाळ पायाळू किंवा आडवे असल्यास, पाण्याबरोबर नाळ खाली घसरते. योनीमार्गात दोरीसारखे काही लागले तर ते आत ढकलू नये. गुडघे आणि कोपरांवर ओणवे होऊन कंबर उंच ठेवावी आणि त्याच स्थितीत १०८ची वाट पाहावी.

रुग्णालयात ३४ आठवड्यांच्या आत प्रसूतीची शक्यता दिसली तर बाळांची फुप्फुसे पिकण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलिग्रॅम दर बारा तासांनी चार वेळा, बीटामेथासोन असेल तर १२ मिलिग्रॅम चोवीस तासांच्या अंतराने दोन वेळा. कळा थांबवणारी औषधे मुख्यतः हा अवधी मिळावा म्हणूनच दिली जातात, त्यांनी प्रसूती आठवडेच्या आठवडे पुढे ढकलली जात नाही. इंजेक्शनांनंतर एक-दोन दिवस बाळांची हालचाल मंदावल्यासारखी वाटू शकते आणि आईची साखर चढते, म्हणून मधुमेह असल्यास ते आवर्जून सांगावे. ३२ आठवड्यांच्या आतील बाळांच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियमही देतात. ते देताना सर्वांगाला एकदम ऊब जाणवते, ती अपेक्षितच असते.

‘सातव्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही,’ हे वाक्य अशा रात्री कोणी ना कोणी उच्चारतेच. ते साफ खोटे आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळांच्या फायद्याचाच असतो.

प्रसूती कशी होईल

जुळी म्हणजे सिझेरियनच, असे नाही. पहिले बाळ डोक्याकडून असेल, दोन पाणमोटी असतील, वजने ठीक असतील आणि तेथील डॉक्टरांना दुसरे बाळ वळवण्याचा किंवा पायांकडून काढण्याचा सराव असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा विचार करता येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिले बाळ डोक्याकडून असलेल्या सुमारे २८०० गर्भवतींची दोन गटांत विभागणी केली होती, आणि ठरवून सिझेरियन केल्याने बाळांचा विशेष फायदा झाल्याचे दिसले नाही. मात्र त्याच चाचणीत नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांचे शेवटी सिझेरियनच झाले, हेही मनाशी धरून चालावे. पहिले बाळ पायाळू किंवा आडवे असेल तर सिझेरियनच सांगतात. खरा प्रश्न डॉक्टरांना असा विचारावा : ‘पहिले बाळ झाल्यावर दुसरे आडवे झाले तर तुम्ही काय कराल?’ उत्तर ज्या सहजतेने येते त्यावरून अनुभव कळतो. पहिले बाळ नैसर्गिकरीत्या होऊन दुसऱ्यासाठी घाईने पोट उघडावे लागणे शंभरात साधारण चौघींच्या बाबतीत घडते. कमरेत भूल दिलेली असल्यास त्या वेळी धावपळ कमी होते, म्हणून जुळ्यांत ती आधीच घेण्याचा सल्ला मिळतो.

खोलीत माणसे पुष्कळ असतील, याची मनाची तयारी ठेवावी. दोन बालरोगतज्ज्ञ किंवा त्यांचे सहायक, भूलतज्ज्ञ, दोन-तीन सिस्टर आणि ऊब देणारी दोन टेबले. पहिले बाळ जन्मताच त्याच्या मनगटावर ‘१’ची पट्टी बांधतात आणि दुसऱ्याच्या ‘२’ची. जन्मवेळा वेगळ्या लिहिल्या आहेत ना, हे सोबतच्या माणसाने तेथेच पाहावे, कारण त्याच वेळा पुढे जन्मदाखल्यावर जातात. नोंदणी २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि दोघांची दोन वेगळी पत्रके भरली जातात. वार पडल्यानंतरचे काही तास आईवर बारकाईने लक्ष ठेवतात. एका तासाच्या आत पॅड पूर्ण भिजू लागले किंवा गरगरू लागले तर संकोच न करता सिस्टरला बोलवावे.

दोन बाळे, दोन वेगळे कागद

३४ ते ३६ आठवड्यांची बाळे दिसायला छान असतात, रडतात, आणि म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण ती लवकर थकतात, छातीला लागून दोन घोट घेतात आणि झोपी जातात. त्यांची साखर उतरू शकते, अंग गार पडू शकते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ चढू शकते. त्यांना दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे. बाळे अतिदक्षता विभागात असतील तर आईने पहिल्या सहा तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून आठ वेळा काढत राहावे, मग सुरुवातीला चमचाभरच का येईना. पुरेसे दूध येईपर्यंत काही मोठ्या रुग्णालयांत मानवी दूधपेढीतील दूध मिळते. अशी आशियातील पहिली दूधपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली. बाळ स्थिर झाले की त्याला उघड्या छातीशी धरण्याची पद्धत, कांगारू काळजी, आईने आणि वडिलांनी एकेक बाळ घेऊन एकाच वेळी करावी. जुळ्यांच्या वडिलांना पहिल्या दिवसापासून बसून करण्यासारखे हे एक खरे काम आहे. पाचवी, बारसे आणि पाहुण्यांची रीघ दोघांची वजने नीट वाढू लागेपर्यंत पुढे ढकलावी. मालिशवाल्या बाईंनाही तोवर थांबायला सांगावे.

घरी सोडताना दोन्ही बाळांची कार्डे वेगवेगळी घ्यावीत, कारण एकाची लस झालेली आणि दुसऱ्याची राहिलेली असणे नेहमी घडते. जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल किंवा जन्म ३४ आठवड्यांच्या आत झाला असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करावी लागते आणि फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. बाळ घरी येऊन नीट पिऊ लागल्यावर ही तारीख हमखास विसरली जाते. म्हणून कार्ड हातात पडताच नेत्रतज्ज्ञांचा दिवस आणि वेळ त्यावर लिहून घ्यावी, आणि एकाची तपासणी लागणार असेल तर दुसऱ्यालाही लागते का, हे त्याच टेबलापाशी विचारून घ्यावे.